कण्हणारी कपार

"ऐक! पुन्हा कण्हली!" मोहिनीने रागिणीचा हात घट्ट धरला.

गोरेगाव या खेड्याजवळच्या डोंगरातल्या कपारीतून बारीक, लांबट आवाज आला. वारा नव्हता. मग काळ्या खडकाखालून लाल मातीची धार आपोआप सांडू लागली.

"रगत वाहून राहिलं जणू!" तांड्यावरचा रणजीत पुटपुटला. त्याच्या शेळ्या केव्हाच लांब जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

दिवाळीआधी गावातल्या बाया इथलीच लाल माती भिंती सारवायला नेत. खणून खणून कपार खोलीएवढी झाली होती. यंदा मोहिनीच्या वडिलांनी, शिवहारमामांनी, जेसीबी लावून ती आणखी आत नेली होती. उद्या सगळ्या बाया येणार होत्या. मोहिनीची आई भागाबाईसुद्धा!

रागिणी या शिवहारमामांकडे सुट्टीला आली होती. तिचे बाबा भूगर्भशास्त्रज्ञ होते; डोंगर कसे घडले ते रानोमाळ हिंडून शोधायचे. ते गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी.

"बाबा म्हणायचे, हा लाल थर म्हणजे जुनी जमीन," ती हळूच म्हणाली. "खालचा लाव्हा थंड झाला, झिजून त्याची माती झाली. मग वरून दुसरा लाव्हा पसरला. ती भाजली, गाडली गेली. वरचा खडक त्या मातीवरच टेकलाय. आणि आपण मातीच काढून नेली!"

"म्हणजे खडक हलून राहिला?" मोहिनीने विचारलं.

"बघू या!"

खडकाच्या भेगेवर त्यांनी कणकेच्या खळीने कागदाची पट्टी चिकटवली. सकाळी पाहिलं, तर पट्टी मधोमध फाटलेली! रागिणीने ती मामा-मामींना दाखवून बाबांचं सगळं म्हणणं सांगितलं.

"काहून घाबरता?" मामा हसले. "आमच्या आज्या इथूनच माती नेत. डोंगर कण्हला की नारळ फोडायचा, बस!"

नारळ फुटला. बाया आत शिरल्या.

"आई, बाहेर ये!" मोहिनी ओरडली.

"टोपली भरू दे की, बाई!"

पुन्हा आवाज आला. या वेळी जाड, खोल. मोहिनी आत धावणार, तोच रागिणीने तिला मागे खेचलं.

"रणजीत, शेळ्या पलीकडच्या शेतात मामांच्या सोयाबीनच्या ढिगावर सोड!" ती म्हणाली.

"मार पडंल ना!"

"पडू दे!"

रणजीतने शीळ घातली. दोघी जीव तोडून ओरडल्या, "मामी! आई! शेळ्या सोयाबीनात घुसल्या!"

"अगं माय!" भागाबाई टोपली टाकून धावली. तिच्यामागे सगळ्या बाया, पुढे काठी घेऊन मामा!

पाठीमागे धाडकन आवाज झाला. जमीन हादरली. सगळ्यांनी वळून पाहिलं. कपार उरलीच नव्हती. नुसती लाल धूळ उभी होती, बराच वेळ, कुणीतरी थांबावं तशी.

मामांनी काठी टाकून दिली. शेळ्या निवांत चरत होत्या. रणजीत हाकायला धावला, तेव्हा मामा म्हणाले, "खाऊ दे रे त्यांना! तुमी पोरांनी आज गाव राखलं. मी ऐकलं न्हाई, माझंच चुकलं."

भागाबाई आपल्या लाल तळहाताकडे पाहत होती.

"म्हणजे आमी इतकी वर्षं गाडलेलं रान भिंतीला लावून राहिलो व्हय?" तिने रागिणीला जवळ ओढलं. "तुझ्या बाबांनी तुला बराबर शिकवलं, लेकरा."

रागिणीने मान हलवली.

"अजून पुष्कळ राहिलं होतं, मामी."