खाऱ्या पाण्यातला पैसा

ओतूरच्या एसटी स्टँडवर कॅन कलंडला आणि हर्षालीच्या चपला चिंब भिजल्या.

"अहो, बघून ठेवा की! काय आहे त्यात?"

"समुद्र," कॅन सावरत तो तरुण ओशाळून म्हणाला. "म्हंजे... दहा लिटर."

रागवायचं तिच्या मनात होतं, पण हसूच फुटलं. तो निमगाव साव्याचा ऋषी. मुंबईत शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला होता. वडील गेल्यावर आईसाठी गावी परतला, तो काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ घेऊनच. खारं पाणी मित्र एसटीनं पाठवायचा. कांद्याच्या गावात कुणी समुद्र पाळतं का? पण जीव गुंतला की गाव कोण बघतो!

"टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागं राहतं," तो सांगू लागला. "मग वरून गोडं पाणी घालायचं. पण आमच्या विहिरीत खताचा अंश लई. शेवाळ माजतं."

"मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत असते. सरांना विचारून डिस्टिल्ड वॉटर देईन. या."

"पाण्यासाठी येऊ?"

"मग आणखी कशासाठी?"

त्याचे कान लाल झाले.

मग दर बाजाराच्या दिवशी तो येऊ लागला. एकदा तिला घरी नेऊन टाकीही दाखवली. निळ्या उजेडात प्रवाळांची बोटं हलत होती. "हेच्याकडं बघून दिवस निघतो," तो म्हणाला. "हे गेलं तर मी मुंबईला परत जाईन. इथं दुसरं काय हाय माझं?" शेवटचं वाक्य त्यानं तिच्याकडे बघत म्हटलं, की तिला तसं वाटलं... तिलाच ठाऊक. त्याची आई ठकूबाई मात्र चहा गाळता गाळता दोघांकडे टक लावून बघत होती.

नंतर एका बाजाराला तो आला नाही. पुढच्याही नाही. शेवटी हर्षालीच निमगावला गेली. टाकीत मासे फिरत होते, पण प्रवाळ मिटून गेले होते, काही पांढरे पडले होते.

"येणं का सोडलंत?" तिनं विचारलं.

ऋषीनं मान खाली घातली. "तुमच्या डिस्टिल्ड पाण्याच्या यंत्रातून तांबं उतरत आसंल पाण्यात, आसं वाटलं. मासं तगत्यात, पोवळ्यांना तांबं म्हंजे इखच. पन तुमाला तोंडावर कसं बोलायचं..."

"आमचं यंत्र काचेचं आहे," ती म्हणाली. एवढ्याशा संशयापायी हा माणूस मुकाट दूर झाला, याचंच तिला जास्त लागलं.

तो इन्व्हर्टर बघायला बाहेर गेला. हर्षालीनं बाही सारून टाकीत हात घातला. दगडामागच्या वाळूत काहीतरी हिरवं दिसत होतं. भोकाचा पैसा! जुना, तांब्याचा, कळक चढलेला.

मागे ठकूबाई पांढरीफटक उभी होती. "माजाच हाय त्यो. नदी वलांडताना टाकतो, तसा ह्या दर्याला वाह्यला. त्याला सांगू नगंस, बाई. त्यो मला सोडून जाईल."

तेवढ्यात ऋषी आत आला. "काय गावलं?"

हर्षालीनं मूठ मिटली. आता त्याची आई वाचवायची की स्वतःचं प्रेम? "तुमचं खरं होतं. पाणीच माझं खराब होतं."

"न्हाई रं!" ठकूबाई कळवळली. "ही पोर खोटं बोलतीया. पैसा म्या टाकला. ओझरच्या गणपतीला नवस बोलले, अन् दर्याला पैसा वाह्यला."

"कसला नवस, आई?"

"हिनं ह्या घरात यावं... म्हंजे तू हितंच ऱ्हाशील."

ऋषी टाकीसमोर बसून राहिला. डोळे पुसायचंही त्याला भान नव्हतं. प्रवाळ बहुतेक गेलेच होते. पाणी कितीदा बदललं तरी ते परत येणार नव्हते, हे दोघांनाही कळत होतं.

हर्षाली त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. त्याचा ओला हात हातात घेऊन तिनं मागे वळून ठकूबाईकडे पाहिलं.

"आई, नवस फेडायला ओझरला कधी जायचं?"