मागे उतरणारं छप्पर

"आमचं घर खचलंय? काहीतरीच!" मालविका उसळलीच.

पण बाबांच्या कंपनीतल्या फजलसाहेबांचा हुकूम सुटला होता. घर पाडायचं! कतारमधल्या मेसईदच्या कॉलनीत कुटुंबासाठी दुसरं घर रिकामं नव्हतं. म्हणजे बाबा इथे एकटे, आणि आई नि मालविका नाशिकला!

घर होतंच मुलखावेगळं. एका अमेरिकन इंजिनिअरनं आपल्या गावाकडच्या तीनशे वर्षांपूर्वीच्या घरांसारखं ते हौसेनं बांधून घेतलं होतं. सगळं लाकडी, पुढून दुमजली, मागून एकमजली. छप्पर मागे उतरत उतरत पार डोक्याशी आलेलं. आणि मधोमध चक्क धुराडं! कतारच्या उन्हात शेकोटीची सोय!

"साहेबांनी आत येऊन पाहिलं तरी का?" शेजारच्या मधूनं विचारलं.

"छे! एसी गाडीतून उतरलेच नाहीत. बाजूच्या रस्त्यावरूनच पाहिलं, नि यल्ला, चालू पडले!"

मग मैत्रीण सुरय्याला घेऊन तिघंही त्याच जागी जाऊन उभी राहिली. मूळची रत्नागिरीची सुरय्या ओरडली, "अगो, बघ तरी! मागची भिंत अर्धी जमिनीत गेलीय!"

"गेली नाही, वाळूत बुडलीय!" मालविकानं टाळी वाजवली. "वाऱ्यानं ढीग साचवलाय. त्यातून छप्परही मागे उतरतं, म्हणून घर खचल्यासारखं दिसतं. साहेब फसले!"

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत फावडी, घमेली, अगदी आईची परातसुद्धा कामाला लागली. घामाच्या धारा लागल्या, पण मागचं दगडी जोतं उघडं पडलं!

संध्याकाळी पाडकामाची पाहणी करायला साहेब आले. मालविका गाडीसमोरच उभी राहिली, हातात पाण्यानं भरलेली बागेची नळी!

"अंकल, हे टोक मागच्या जोत्यावर धरा. दुसरं पुढच्या जोत्यावर मधू धरेल. मागची बाजू खचली असेल तर तुमच्याकडून पाणी वाहील, बूट भिजतील!"

साहेब हसत हसत वाकले. पाणी दोन्हीकडे काठोकाठ उभं राहिलं, बूट कोरडेच! साहेबांचं हसू मावळलं. वाकून त्यांनी जोतं डोळ्यांनी तपासलं, मग हातानं.

"गलती मेरी है," ते बाबांकडे वळून म्हणाले. "घर नहीं टूटेगा. खलास! शशिकांत, अपनी बेटी को मेरी कुर्सी पर बिठा दो!"

बाबांनी चष्मा काढून पुसला.

"पोरांनो," ते म्हणाले, "आज मला एकटं पडू दिलं नाहीत तुम्ही."