यार्देनच्या मधोमध

"ताई, तुझं नाव मी आज पुकारणार नाहीये."

वर्नेलच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थबकली. खाली धाकट्या भावाचा, पाळकसाहेब ल्युशस टॉलिव्हरचा, उपदेशाचा झगा पसरलेला होता. तिनं इस्त्री उचलली नसती तर त्या पवित्र वस्त्राला भोक पडलं असतं... आणि क्षणभर तिच्या मनात आलंच, पडू दे!

"आज पदवीधरांचा रविवार आहे, ल्युशस. शाळेतून सुटलेल्या पोरांचीसुद्धा नावं घेशील. मग माझंच नाव का नको?"

"अगं, कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं म्हणजे अर्धंच शिक्षण. लोक काय म्हणतील?" ल्युशसनं कॉफीचा घोट घेतला. "आणि चर्चच्या वडीलमंडळींना मी शब्द दिलाय. चर्चचं नवं भोजनगृह तू चालवणार. व्यवसाय प्रशासन शिकलीस ना? मग तेवढं पुष्कळ झालं."

"शब्द कुणाचा दिलास? तुझा की माझा?"

"ताई!"

"ऑगस्टात मी मॉंटगोमेरीला चाललेय. इथली दोन्ही वर्षं विद्यापीठानं धरलीत. थेट तिसऱ्या वर्षात बसणार मी."

"शेहेचाळिसाव्या वर्षी? पोरापोरींत?"

"हो. पहिल्या बाकावर! आणि मी विचारत नाहीये, सांगतेय."

त्यानं झगा उचलला आणि तो निघून गेला. वर्नेलनं इस्त्रीची वायर काढली. याच कॉलेजात, याच विषयाला, ती एकोणिसाव्या वर्षी बसली होती. आई देवाघरी गेली आणि पहिली सहामाही संपायच्या आत तिनं पुस्तकं मिटली. मग मासे सोलायच्या कारखान्यात बर्फगार पाण्यात बोटं बधिर करत तिनं ल्युशसला धर्मविद्यालयात धाडलं. त्याआधी, तो एवढासा असताना, अंगणात कोंबड्यांपुढे उपदेश करायचा, आणि दोरीवर कपडे वाळत घालता घालता ती ओरडायची, "बोल रे, बोल!" त्या एका हाकेवर पोराचा आवाज चढायचा, गाणं व्हायचा! आजही तो चर्चमध्ये उपदेशाला उभा राहिला की "बोल रे"ची पहिली साथ तिचीच. ती उठली की ऑर्गन उठे, ऑर्गनमागून मंडळी उठे, आणि मग साक्षात प्रभूच त्या छताखाली उतरल्यासारखा वाटे.

कपाटातून तिनं पदवीचा काळा झगा काढला. चौकोनी टोपी आरशात नीट बसवली.

चर्चमध्ये ती मधल्या वाटेनं चालत आली तेव्हा हाताहातांतले शंभर पंखे हलायचे थांबले. पहिल्या बाकावर पांढऱ्या टोपीतली ओझेला मावशी सरकून बसली आणि कुजबुजली, म्हणजे तिच्या हिशेबानं कुजबुजली, "काय गं, नाटकात काम मिळालंय?"

"पदवी मिळालीय, मावशी."

"मग तुझ्या लाडक्यानं छापलेल्या यादीत तुझं नाव का नाही?"

"त्यालाच विचार."

नावं पुकारून झाली. टाळ्या वाजून विरल्या. ल्युशसनं बहिणीकडे बघायचं टाळलं आणि उपदेश धरला. विषय होता यार्देन नदी. आवाज खालच्या पट्टीत, संथ, गोड... मग नेहमीच्या जागी तो थांबला. ही वर्नेलची जागा!

वर्नेलनं ओठ घट्ट मिटले.

ऑर्गनवाल्याची बोटं अधांतरी राहिली. मागून कुणी तरी चाचरत "आमेन" म्हटलं, पण ते कोरड्या विहिरीत खडा पडावा तसं वाजलं. ल्युशस पुढे गेला, पुन्हा थांबला. पुन्हा तीच शांतता. आवाज चढेना! वर्नेलची सत्तावीस वर्षांची सवय तिला उठायला सांगत होती... पण ती बसूनच राहिली.

"याजक... देवाच्या कराराचा कोश, ती पवित्र पेटी, खांद्यावर घेऊन नदीत उतरले," ल्युशस म्हणाला. "पाणी अडलं. मधोमध ते उभे राहिले. बायका गेल्या, लेकरं गेली, गुरं गेली... शेवटचा माणूस कोरड्या पायानं पार जाईपर्यंत ते तिथंच..."

त्यानं पहिल्या बाकाकडे पाहिलं. काळा झगा. बर्फानं कायमची वाकडी झालेली दोन बोटं.

"आणि मग, पाळकसाहेब?" ओझेला मावशीचा आवाज खणखणीत घुमला. "ते याजक कुठं गेले? का तुम्ही त्यांना तिथंच उभं ठेवलंत, स्वैपाकाला?"

कुणी हसलं, कुणी हुंदका दिला.

"नाही, मावशी..." ल्युशस पुस्तक मिटून व्यासपीठावरून खाली उतरला. गालांवरून धारा वाहत होत्या. "तेही बाहेर आले. देवानंच त्यांना बाहेर बोलावलं. मी... मीच विसरलो होतो." आणि मग त्यानं पुकारलं, "वर्नेल टॉलिव्हर! व्यवसाय प्रशासन!"

ती उठली नाही. बसल्या बसल्याच म्हणाली, "पुढे?"

"ऑगस्टात... मॉंटगोमेरीचं विद्यापीठ."

"आणि भोजनगृह?"

"शब्द मी दिला होता. भांडी मी घासीन."

"तीही करपवशील," मावशी पुटपुटली.

तेव्हा कुठं वर्नेल उभी राहिली. ल्युशसनं तिचे दोन्ही हात धरले. "ताई, साथ दे ना... तुझ्याशिवाय माझा आवाज वर चढतच नाही."

तिनं त्याचे डोळे पुसले, लहानपणी पुसायची तसे. पण मान हलवली.

"आज नाही, राजा. आज तू साथ दे."

आणि मंडळीकडे तोंड करून, त्या काळ्या झग्यात ताठ उभी राहून, वर्नेल टॉलिव्हरनं आयुष्यात पहिल्यांदा, खालच्या पट्टीत, उपदेशाला सुरुवात केली, "मी नदीच्या मधोमध उभी होते..."

ती थांबली.

तिच्या पायाशी गुडघे टेकून पाळकसाहेब ओरडला, "बोल, ताई, बोल!"

आणि ऑर्गन उठला.