क्रमांक सत्तावीस

जवाहर नगरच्या कोपऱ्यावर, भाजीच्या ठेल्यापाशी निमिष उभा होता. हातात एक लांबलचक शेंग आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"गौतमीजी, हीच ना चवळी?"

"हीच. भाजी करताय?"

"नाही... मुलीला चवळीची शेंग म्हणतात, मतलब काय?"

गौतमीच्या हातातली मेथी तशीच राहिली. "कुठल्या मुलीला?"

"क्रमांक सत्तावीस."

मराठी मंडळाच्या स्थळांच्या वहीत मुलींची नावं नसत. घरच्यांनी माहिती लिहायची, वर नुसता क्रमांक. नावं मंडळ सांभाळणाऱ्या सुनंदाकाकूंच्या कुलपात. ती वही कॉम्प्युटरवर उतरवायचं काम निमिषकडे आलं होतं. जयपुरातच जन्मलेला, रेल्वेवाल्यांचा मुलगा. अक्षरं झरझर वाचायचा, अर्थासाठी मात्र दर रविवारी गौतमीकडे यायचा. तिची आई गेल्यापासून त्या घरात तेवढाच एक आवाज होता.

चवळीची शेंग... शिडशिडीत, लवलवती, ताजी. आई शेजारपाजारच्या मुलींना म्हणायची. गौतमीला कधीच नाही.

"वाळकी काडी," ती म्हणाली. "वारा आला की उडेल अशी."

"अच्छा? पण लिहिलंय तर कौतुकाने. आलं किसत नाही, ठेचते. रागावली की कपाट आवरत बसते."

"वा! लखलखतील हो तुमची कपाटं."

"तुम्ही रागावलात?"

"मी कशाला रागावू? भैया, ये मेथी तोल दो."

"मला तर ती वाचूनच आवडली..." निमिष हळूच म्हणाला.

न पाहिलेल्या मुलीवर इतकं जळता येतं, हे गौतमीला आजच कळत होतं. कोण ही ठेचणारी? कुणाची लाडकी?

"बघू तरी ती वही," ती म्हणाली. निदान एखादी खोड तरी सापडेल.

निमिषने पिशवीतून वही काढून पान उघडलं. गौतमीने पहिली ओळ वाचली आणि क्षणभर दुसरी वाचायची राहूनच गेली. उजवीकडे खाली घसरत जाणाऱ्या ओळी. घरात हळदीच्या डब्यावर अजून ह्याच अक्षरातली चिठ्ठी होती. तिने ती काढली नव्हती.

'दिसायला चवळीची शेंग. तोंडावर कधी म्हटलं नाही, शेफारेल म्हणून. लग्नाचं नाव काढू देत नाही, तेव्हा हे तिला न सांगता लिहिते आहे.'

"दीदी, मेथी," भाजीवाला म्हणाला. तिला ऐकू आलं नाही.

"अक्षर कुणाचं ते मला माहीत नव्हतं," निमिष म्हणाला. "पण मंडळात तुम्ही चहाचं आलं ठेचता. आणि गेल्या महिन्यात भांडण झालं तेव्हा पुस्तकांचं कपाट..."

"मग विचारलंत कशाला?"

"अर्थ खरंच माहीत नव्हता. आता तरी खरा सांगा..."

तिने त्याच्या हातातली शेंग घेतली, दोन्ही टोकं जवळ आणली. शेंग वाकली, मोडली नाही.

"अशी," ती म्हणाली. डोळे भरले होते, ओठ मात्र हसायला लागले होते.

निमिषने खिशातून पेन काढलं. "मग... सत्तावीस नंबर खोडू?"

"खोडू नकोस. आईचं अक्षर आहे." 'नकोस' तोंडातून निसटलं, तिने ते परत घेतलं नाही. "शेजारी नुसतं लिही..."

"काय?"

"लग्न ठरलं की सगळ्यांच्या पुढे काकू लिहितात तेच. 'जमलं.'"