सात भरत्यांचं कुलूप

अतिनील दिवा लावला आणि टेबलावरचा दगड लालभडक उजळला.

उर्मिलाने दिवा बंद केला, भिंग पुसलं आणि दिवा पुन्हा लावला. पुन्हा लाल. मुठीएवढा तो तुकडा होता आणि त्यात तीन तिसऱ्या, चिखलातले ते खाण्याचे शिंपले, मिटलेल्या तशाच रुतून बसल्या होत्या. आदल्या दिवशी द्वारकाआत्याने तो तिच्या हातात ठेवला होता. "टाच फिरवली की हा लागतो. सगळ्या चिखलात हाच आहे," एवढं बोलून आत्या घरात गेली होती. चहा घेऊन जा, असंही म्हणाली नव्हती.

किनारा-केंद्राच्या खिडकीतून बेट समोर दिसत होतं. दीड किलोमीटरवर, भर समुद्रात, साठ एकरांचं, पांढऱ्या बंगल्यांचं. बंगले विकणाऱ्या कंपनीने त्याचं नाव 'मौक्तिक' ठेवलं होतं. तीन वर्षांपूर्वी तिथं नुसतं पाणी होतं. ते बेट कुणी बांधलं नव्हतं, ते उगवलं होतं. ज्या जीवाणूने ते उगवून आणलं, तो शिळाजीवी डॉ. उर्मिला चोगले हिने डॉ. विद्याधर रेगे यांच्या प्रयोगशाळेत सात वर्षं खपून घडवला होता.

शिळाजीवीचं काम सोपं होतं. समुद्रतळाच्या वाळूचा ढीग रचायचा, त्यात जीवाणू आणि कॅल्शियमचं द्रावण सोडायचं. पोट भरलेला जीवाणू कॅल्शियमचा चुनखडक करून वाळूचे कण एकमेकांना चिकटवतो आणि काही महिन्यांत वाळूचा दगड होतो. बेटाचा दगड पुढे कुठेही ओळखता यावा, म्हणून त्या द्रावणात युरोपियमचा अंश खूणद्रव्य म्हणून मिसळलेला होता. अतिनील प्रकाशात तो लाल दिसतो. समुद्राच्या पाण्यातून आपोआप झालेला खडक असा उजळत नाही.

वाढणारी गोष्ट थांबवता यायला हवी, म्हणून उर्मिलाने शिळाजीवीला पोषण-कुलूप घातलं होतं. प्रयोगशाळेत तयार केलेलं एक अन्न मिळालं तरच तो जगे. ते बंद केलं की सात भरत्यांच्या आत मरे. दगड तेवढा मागे राही.

साडेतीन वर्षांपूर्वी भाटवेळच्या गावसभेत तिने हेच समजावून सांगितलं होतं. भाटवेळ तिचं गाव. तिथल्या बायका ओहोटीला खाडीच्या तोंडाशी उतरत, चिखलात टाच फिरवत आणि पायाला लागतील त्या तिसऱ्या वेचत. उर्मिलाचं शिक्षण त्याच टोपलीवर झालं होतं.

"तुझा तो जंतू आमच्या चिखलात आला तर?" आत्याने सभेत विचारलं होतं.

"आला तरी खाईल काय, आत्या? त्याचं जेवण फक्त बेटावर."

"उपाशी राहिला तर?"

"सात भरत्या. साडेतीन दिवसांत मेला."

"तू स्वतः तपासलंस?"

"तपासलंय."

मग आत्याने हात वर केला होता आणि तिच्या मागोमाग सगळ्या बायकांनी.

उर्मिलाने खरोखरच तपासलं होतं. एक्केचाळीस बरण्यांतले जीवाणू उपाशी ठेवून मेलेले पाहिले होते. राहिलं होतं ते फक्त जीवाणूंचं शेवटचं बियाणं, जे प्रत्यक्ष बेटावर गेलं. ते पोलादी पिंपांतून आलं तेव्हा झाकणांवर रेगेसरांची सही होती. ती पिंपं उघडून तपासावीत, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. लगेच पुण्याच्या प्रयोगशाळेत तिची बदली झाली आणि ती परतली ती गेल्या आठवड्यात, बेटाचा स्थैर्य-दाखला द्यायला. तोवर चिखलाचा दगड झाला होता आणि तिसऱ्या वेचणाऱ्या बत्तीस बायका रोज सकाळी होडीने बेटावर झाडलोट करायला जाऊ लागल्या होत्या.

"झाला का दाखला?" रेगेसर दार ढकलून आत आले. सत्तरीला आलेले, स्वच्छ सदऱ्यातले, हातात पेढ्यांचा पुडा. "लक्ष्मीपूजनाला किल्ल्या द्यायच्यात. दहा दिवस राहिले. घे, तोंड गोड कर. मलाही एक बंगला दिलाय त्यांनी, चार नंबर. मानाचा."

उर्मिलाने दिवा लावला.

सरांनी दगडाकडे पाहिलं. "बेटाचा तुकडा?"

"भाटवेळच्या खाडीतला."

पेढ्यांचा पुडा त्यांनी हळूच टेबलावर ठेवला.

"सर, तिथले जीवाणू मी सहा दिवस उपाशी ठेवले. गेल्या आठवड्यात खाडीतून खरवडून आणले होते. बारा भरत्या झाल्या. जिवंत आहेत." तिचा आवाज स्थिर होता. "कुलूप कुठे गेलं?"

"उर्मिला, बस."

"मी उभी आहे."

"ते अन्न रोज दोन टन ओतावं लागलं असतं. बेटाला सहा वर्षं लागली असती. कंपनी थांबणार नव्हती. कुलूप काढलं की जीवाणू समुद्रातलं मिळेल ते खातो. काम दीड वर्षात झालं."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू सभेत उभी राहिली असतीस?" सर अगदी शांतपणे म्हणाले, एखादं समीकरण सोडवून दाखवावं तसे. "आणि गावाने दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं."

उर्मिलाला वाटलं, ही खोली आपण पहिल्यांदाच पाहतोय. याच माणसाने तिला सूक्ष्मदर्शक धरायला शिकवलं होतं. तिच्या पहिल्या शोधनिबंधावर तिचं नाव आपल्या नावाच्या आधी घातलं होतं. तेव्हापासून ती त्या सहीला देव्हाऱ्यातल्या गोष्टीसारखी जपत आली होती.

"गावाला भरपाई देऊ," सर म्हणाले. "जीवाणू पाण्याबरोबर वाहत गेले, चिखलात खायला भरपूर मिळालं, समुद्रातून कॅल्शियम घेतलं आणि दगड केला. वाईट झालं. पण बेट पक्कं आहे."

"समुद्रातून घेतलं असतं तर हा दगड लाल दिसला नसता."

सरांनी दिव्याखालचा दगड बाजूला सरकवला.

"पोट भरलेला शिळाजीवी दगड करतो. उपाशी काय करतो, सर?"

"आम्ल सोडतो," सर म्हणाले.

"आणि आम्लात चुनखडक?"

"विरघळतो."

"माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण. कुलूप त्यासाठीच होतं. भूक लागायच्या आत त्याने मरायला हवं होतं. आता बेटाच्या कडांवर त्याला समुद्रातलं अन्न मिळतं. तिथं तो दगड करत राहतो, म्हणून वरून सगळं भक्कम दिसतं. बेटाच्या पोटात अन्न पोचत नाही. तिथं तो दीड वर्ष उपाशी आहे." तिने नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. "परवा दाखल्यासाठी बेटाला खोल भोकं पाडून गाभा-नमुने घेतले. नऊ मीटरवर छिद्रकाचं पातं हातातून सुटल्यासारखं खाली गेलं. दोन मीटर. मला वाटलं, यंत्र बिघडलं. मग दुसऱ्या ठिकाणी तसंच. तिसऱ्या ठिकाणीही."

सरांनी आकडे वाचले. त्यांचं बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं आणि तिथंच राहिलं.

"विरघळलेलं कॅल्शियम खूणद्रव्यासकट दर ओहोटीला बेटातून बाहेर पडतं आणि प्रवाहाबरोबर खाडीत येतं," उर्मिला म्हणाली. "खाडीतला दगड म्हणजे बेटाचं पोट आहे, सर. सध्या पोकळीतलं पाणी वरच्या थराला आधार देतंय. मोठ्या ओहोटीला ते उतरलं की वर राहील फक्त बंगल्यांचं वजन."

"समितीपुढे ठेवू. दिवाळीनंतर."

"लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं."

"मला पंचांग शिकवू नकोस. आत्ता काही बोललीस तर ते तुझी गावसभेतली चित्रफीत लावतील. 'तपासलंय' म्हणणारी तूच आहेस. दाखला राहू दे माझ्याकडे, मी बघतो."

कोऱ्या दाखल्याचा कागद तिने त्यांच्या देखत फाडला. नोंदवही आणि दगड पिशवीत घातला आणि ती बाहेर पडली. व्हरांड्यात चपला घालत असताना आतून सरांचा आवाज आला. ते फोनवर बोलत होते.

"अगं, ऐक. यंदा लक्ष्मीपूजन पुण्यातच करू या. बेटावर नको. मुलांनाही कळव. नाही गं, काही झालं नाही. सहज."

उर्मिला एक चप्पल हातात धरून तशीच उभी राहिली. मघापर्यंत तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात अजून आशा होती, की सरांना तिचं गणित पटलं नसेल.

खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी मागे गेलं होतं. द्वारकाआत्या एकटीच उभी होती, रिकामी टोपली कमरेला लावून. गेले सहा महिने टोपलीत काही पडत नव्हतं, तरी ती ओहोटी चुकवत नव्हती. उर्मिलाने तिला सगळं सांगितलं. कुलपाचं, लाल दगडाचं, पोकळीचं. फोनचंही.

आत्याने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी तिने बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली, भाटवेळच्या बायका पूर्वीपासून मोजतात तशी.

"अवसेला पंधरावी तिथ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती. म्हणजे पाणी तळाला जाणार साडेपाचला, वर्षातल्या मोठ्या ओहोटीचं." ती थांबली. "दिवेलागणीला. पूजेच्याच वेळेला."

"हो, आत्या."

"आमच्या बत्तीसजणींना त्या दिवशी थांबवून घेतलंय. पणत्या लावायला. सुगंधा धरून." सुगंधा आत्याची लेक.

उर्मिलाने पिशवीतून नोंदवही काढली.

आत्याने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "या वेळी स्वतः तपासलंस?"

"भोकं मी पाडली. जंतू मी उपाशी ठेवले. कुणाची सही नाही त्यावर, माझीच आहे."

"मग आज संध्याकाळी सभा बोलावते. त्या वेळी जिथं उभी होतीस, तिथंच उभी राहा. 'तपासलंय' म्हण. बायका हात वर करतील की नाही, ते मी नाही सांगू शकत."

टोपली सावरून आत्या गावाकडे निघाली. उर्मिला तिच्या मागोमाग चालू लागली आणि लहानपणच्या सवयीने तिची टाच आपोआप फिरली. पायाखाली काहीच हललं नाही.