पाटलीचं वजन

हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आधी पाटली काढून या, मग प्लास्टर. मनगट सुजत चाललं होतं आणि पाटली निघत नव्हती. मोडका हात ओढणीच्या झोळीत घेऊन यशश्री सराफ्यातल्या पहिल्या उघड्या दुकानात शिरली.

"क्या हुआ, दीदी?" गादीवरच्या तरुणानं त्या शहराच्या हिंदीत विचारलं आणि पाटलीला बोट लावलं.

"आई गं..."

"अच्छा, मराठी आहात. मग ते 'दीदी' मागे घेतो."

तो वेदांग. त्यानं पाटलीखाली कातड्याची पट्टी सरकवली, तिचं मनगट तळव्यावर पेललं आणि बारीक करवत चालवली.

"पडलात कुठं?"

"वर्गात. खडू उचलायला वाकले, चटई सरकली."

"एवढ्यानं हाड मोडलं?"

"माझी हाडं ठिसूळ आहेत," ती म्हणाली. कापलेली पाटली जोडायला त्याच्याकडेच ठेवून ती प्लास्टर घालायला गेली.

पाटली कधी न्याल, हे विचारायला त्याचे फोन आले. मग काहीच विचारायचं नसतानाही आले. तीही ते लगेच उचलू लागली... आणि तेव्हाच तिनं ठरवलं, पाटली हातात घालण्याआधी याला सगळं सांगायचं.

प्लास्टर निघाल्यावर ती दुकानात गेली. वेदांगनं पाटली पुढे ठेवली. नाजूक, पातळ, उघडायला पेच बसवलेली. शेजारी एक पुडी.

"उरलेलं सोनं आहे. वजन कमी केलं मी."

"काहून पण?"

"हाडं नाजूक ना तुमची."

यशश्रीला हसू आलं. "चुकलं तुमचं. हाडांना भार लागतो, असं माझ्या डॉक्टर सांगतात. मी रोज झपझप चालते, शाळेचे तीन जिने चढते, सामानाची पिशवी स्वतः उचलते. ऊन घेते, कॅल्शियमची गोळी घेते. एक जुनं औषधही त्यांनी बदलून दिलं."

"कसलं औषध?"

"एचआयव्हीचं." आवाज वर्गात असतो तसाच स्वच्छ होता. "आठ वर्षं झाली. रोज गोळी घेते. विषाणू आता तपासणीतही दिसत नाही इतका कमी आहे, म्हणजे जोडीदारालासुद्धा माझ्याकडून लागण होत नाही. हाडं तेवढी झिजली, काही आजारानं, काही त्या जुन्या औषधानं."

शेजारच्या दुकानातली हातोडी ठकठक करत राहिली. आता हा पुडी नुसती पुढे सरकवेल, तिला वाटलं. बोटांना बोट न लावता.

वेदांगनं मापाच्या कड्या काढल्या. "हात द्या."

"कशाला?"

"मनगट बारीक झालंय. नवं माप लागेल."

त्यानं तिचं मनगट तळव्यावर घेतलं. पहिल्या दिवशी घेतलं होतं, अगदी तसंच. या वेळी कातड्याची पट्टी मात्र नव्हती.

"तीच कडी पुन्हा पुन्हा घालून राहिले तुम्ही," ती हळूच म्हणाली. "घाबरलात?"

"हो. पाटली दिली, की फोन करायला कारण उरणार नाही – म्हणून." मनगट त्यानं सोडलं नाही. "सगळं सोनं परत घालतो. पहिल्याइतकी भारी करतो. पण महिना लागेल."

"महिना? एका पाटलीला?"

"काम बारीक आहे."

"चलो, मग तोवर रोज सकाळी सहाला नदीवर, तिलवाऱ्याच्या घाटावर या. मी तेव्हा तिथंच असते, पायऱ्या चढते."

"मला दम लागतो, यशश्री."

पहिल्यांदाच त्यानं नाव घेतलं होतं. तिनं हात तसाच त्याच्या तळव्यावर राहू दिला.

"लागू द्या. हाडं तुम्हालाही आहेत."