जाळीमागची नावं

एसीवाल्यांची एक सवय असते, दादा. काम झालं की हवा येते त्या जाळीमागच्या पत्र्यावर मार्करनं नाव लिहायचं, पुढच्या मेकॅनिकला कळावं म्हणून. नऊ वर्षं झाली कतारमध्ये, मी हेच करतोय.

त्या दिवशी भरदुपारी उम्म सलाल मोहम्मद या गावात एका बंगल्यावर काम निघालं. गाडीत आमचा ड्रायव्हर मुदस्सिर म्हणाला, "तिथला म्हातारा त्याच्या देशात तुरुंगाचा साहेब होता. सरकारचा हुकूम आला, यानं चाळीस माणसं एका खोलीत कोंडली आणि हवेची भोकं बुजवून घेतली. सरकार पडलं तसा इकडं पळाला."

मी हसण्यावारी नेलं. ड्रायव्हर लोकांना गप्पा ठोकायला काय लागतं.

पण बंगल्यातल्या सगळ्या जाळ्या पत्र्यानं बंद होत्या. बेडरूममधली तेवढी उघडी. म्हातारा तिच्याकडं बोट करून मोडक्या हिंदीत म्हणाला, "हीपण बंद कर. आतून... श्वास ऐकू येतो."

"साहेब, जीव गुदमरेल. बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे."

"बंद कर. खलास."

शिडीवर चढून जाळी काढली. एसी बंद होता, तरी आतून उबदार, घामट हवा तोंडावर आली. थांबली. परत आली... म्हातारा खालून पुटपुटत होता, "मला हुकूम होता... फक्त हुकूम."

आतल्या पत्र्यावर अरबीत नावांची रांग होती. सगळी खोडलेली, शेवटची दोन सोडून. आधीचे मेकॅनिक असतील म्हणलं. ऑफिसला पाठवायला फोटो काढला. माझं नाव लिहायला मात्र हात धजला नाही. घाईघाईनं पत्रा ठोकला नि पळालो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून कळलं, म्हातारा सकाळी गेला. गुदमरून.

दोहातल्या नजमा भागात आमची खोली आहे, तिथं मुदस्सिरला फोटो दाखवला. त्याला अरबी वाचता येतं. त्यानं फोटो मोठा करून एकेक ओळ वाचली.

"ही मेकॅनिकची नावं नाहीत," तो म्हणाला. "वर लिहिलंय, हवा बंद करणारे. खालून दुसरं त्या म्हाताऱ्याचं. आणि शेवटचं... रामेश्वर, तुझ्या वडिलांचं नाव काय?"

"पोपटराव."

त्यानं फोन माझ्या हातात दिला नि सरकून बसला.

"मी फक्त काम केलं रे," मी म्हणालो. "ऑफिसचा हुकूम होता."

हे बोललो आणि माझं मलाच कसंतरी झालं. त्याच दुपारी परत जाऊन मी तो पत्रा काढून आलो. आत काही नव्हतं, नावंसुद्धा नव्हती.

फोटो मात्र अजून फोनमध्ये आहे. हा बघा. काढला तेव्हा म्हाताऱ्याचं नाव खोडलेलं नव्हतं, आता त्याच्यावर रेघ आहे.

आता न खोडलेलं एकच उरलंय. माझं.